घरच्यांना पाटी लागू नाही

समाधान डोळ्यांचा डॉक्टर झाला त्या दिवशी शालनताईंनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "डोळे गेले तरी बेहत्तर, पण दाखवीन ते समाधानलाच." सगळे हसले होते. अशा बोलण्याला हसायचंच असतं. पुढे ते बोलणं शब्दशः खरं झालं, तेव्हा हसलेल्यांपैकी कोणालाच ते आठवलं नाही. आठवलं ते एकट्या पूर्वाला. ती शालनताईंची मुलगी. कॉलेजच्या ग्रंथालयात निम्मं आयुष्य गेल्यामुळे कोण कुठे काय म्हणालं हे लक्षात ठेवायची तिला खोडच लागली होती, आणि ही खोड माणसाला फारशी सुखाची नसते.

समाधान हा शालनताईंच्या भावाचा, रतनचा मुलगा. रतन गेला तेव्हा पोरगं चौथीत होतं आणि आई त्याआधीच गेलेली. शालनताईंनी त्याला कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आणलं आणि पूर्वाच्या शेजारी त्याची गादी घातली. पूर्वाचे वडील तेव्हा नुकतेच वारले होते, म्हणजे घरात रडायला कारणं मुबलक होती. पण शालनताई पाटबंधारे खात्यात कारकून होत्या, पुढे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या हिशेबी रडणं हे काम प्रलंबित ठेवण्यासारखं होतं. "विषय निकाली काढा," हे त्यांचं आवडतं वाक्य. समाधानला डॉक्टर करायचा हा विषय त्यांनी असाच निकाली काढला. तो सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाला, मग डोळ्यांचा झाला, आणि त्यांच्याच सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर त्यानं दवाखाना थाटला.

बोर्डावरून पहिला वाद झाला तो सोसायटीचे अध्यक्ष अनंतराव परचुरे यांच्याशी. अनंतराव सल्ला द्यायला आले होते. सल्ला देताना ते चहा घेत नसत, सल्ला संपल्यावर घेत.

"नाव लहान ठेवा," ते म्हणाले. "नेत्रालय एवढं मोठं, खाली बारीक अक्षरात नाव. पेशंट बिचकत नाहीत."

"बिचकतात कशाला?" शालनताईंनी विचारलं.

"तसं नाही हो शालनताई."

"मग कसं?"

अनंतरावांनी पंख्याकडे पाहिलं. "म्हणजे आपलं, लोक आडनाव बघतात. मी बघत नाही. लोक बघतात."

"मग लोकांना नीट दिसलं पाहिजे," शालनताई म्हणाल्या. "डोळ्यांचा दवाखाना आहे."

दुसऱ्याच आठवड्यात बोर्ड लागला. 'डॉ. समाधान रतन ओव्हाळ' हे रस्त्याच्या पलीकडून वाचता यावं एवढ्या अक्षरात, आणि नेत्रालय त्याखाली. अनंतरावांनी जाता-येता तो बोर्ड कित्येकदा वाचला असेल, पण आत पाऊल टाकलं नाही. त्यांचा भाचाही डोळ्यांचाच डॉक्टर होता, तिकडे कोथरूडला. शालनताई आणि पूर्वा जन्मभर ज्या गोष्टी न बोलता समजून घेत आल्या होत्या त्यातलीच ही एक.

समाधानचा हात चांगला होता. दोन-तीन वर्षांत बाकांवर जागा मिळेना. निवृत्तीनंतर शालनताई तिथे काउंटरवर बसू लागल्या, बिनपगारी, आणि पगारी माणसाहून कडक. पेशंटला तक्त्यापुढे उभं करून अक्षरं वाचून घेणं हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. "वरून खाली वाचा. आठवून नको, बघून," असं त्या प्रत्येकाला बजावत.

दवाखान्याचा एक नियम होता. मोतीबिंदू फार दाट असेल तर डोळ्यातलं भिंग दुधी काचेसारखं होतं. मग डॉक्टरचा उजेड आत जात नाही आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काय चाललंय ते कळत नाही. उजेड जात नाही, पण आवाज जातो. म्हणून अशा डोळ्याची आधी सोनोग्राफी करायची, मागे सगळं ठीक आहे ना ते बघायचं, आणि मगच ऑपरेशन. मशीन समाधानकडे नव्हतं. त्यासाठी कर्वे रोडवरच्या एका केंद्रात जावं लागे, आणि पेशंट कुरकुरत. एवढ्याशा मोतीबिंदूला सोनोग्राफी कशाला, आम्ही काय बाळंत होणार आहोत का, असले विनोद रोज व्हायचे. शेवटी शालनताईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहून भिंतीवर लावली.

'मोतीबिंदू दाट असल्यास ऑपरेशनपूर्वी डोळ्याची सोनोग्राफी करावीच लागेल. डॉक्टरांना मोतीबिंदूच्या पलीकडचे दिसत नाही. आपणास दिसत असल्यास आपणच डॉक्टर व्हावे.'

लोक पाटीचे फोटो काढू लागले. समाधान म्हणायचा, माझ्यापेक्षा आत्याची पाटी जास्त प्रसिद्ध आहे. तसं ते खरंही होतं.

मग दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्याचं स्वतःचं ऑपरेशन थिएटर तयार झालं. तोवर तो दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशनं करायचा. उद्घाटन बुद्धपौर्णिमेला ठरलं. शालनताईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू तेव्हा पांढरा फटक झाला होता. उजव्याला जेमतेम सुरुवात होती. डाव्याचं ऑपरेशन त्यांनी लांबवत ठेवलं होतं, ते कशासाठी हे आत्ता उघड झालं. नव्या थिएटरमधली पहिली पेशंट त्यांना व्हायचं होतं.

आदल्या दिवशी दवाखान्यात माळा लावायचं काम चाललं होतं. पूर्वा पाहुण्यांच्या खुर्च्या मोजून घ्यायला आली होती. द्वारका सिस्टर शालनताईंची फाईल घेऊन उभ्या होत्या.

"आत्या," समाधान म्हणाला, "दुपारी कर्वे रोडला जाऊन सोनोग्राफी करून येऊ. फार वेळ लागणार नाही."

"मला पाटी वाचून दाखवू नकोस. मीच लिहिलीय ती."

"म्हणून तर म्हणतोय."

"ती पेशंटसाठी आहे. मी काय पेशंट आहे?" आणि द्वारका सिस्टरांकडे वळून, "लिहा फाईलवर. घरच्यांना पाटी लागू नाही."

सगळे हसले. परक्या बाईनं असं म्हटलं असतं तर समाधाननं तिची फाईल मिटून तिच्या हातात दिली असती. एका नगरसेवकाच्या सासूला त्यानं असं परत पाठवलेलं पूर्वानं स्वतः पाहिलं होतं. पण ही आत्या होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि केंद्रात बाकावर ताटकळत बसावं लागलं असतं.

"राहू दे," तो म्हणाला. "कुठे हिंडवायचं तिला या उन्हात."

त्या वाक्यात माया होती. पुढे पूर्वानं ते वाक्य मनात कितीतरी वेळा उलटंपालटं करून पाहिलं, पण मायेखेरीज त्यात तिला काही सापडलं नाही. हेच तिला गिळवेना. निष्काळजीपणा सापडला असता तर धरायला जागा तरी होती.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा खाली उद्घाटनाचा दुसरा हप्ता चालू होता. राहिलेले पाहुणे, पेढे, फोटो. अनंतरावही आले होते, पहिल्यांदाच आत. समाधाननं स्वतः पट्टी सोडवली.

"आत्या, दिसतंय?"

शालनताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "दिसतंय," त्या म्हणाल्या. "छान दिसतंय."

टाळ्या पडल्या. तो फोटो अजून काउंटरच्या मागे आहे.

नंतर तपासण्या झाल्या, पण त्याही घरच्या पद्धतीनं. बाकीच्या प्रत्येकाच्या डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवून, मग समाधान आत बघायचा. आत्याकडे तो रविवारी जेवायला यायचा आणि जेवण झाल्यावर टॉर्च मारायचा. "टाके नाहीत, लाली नाही, झकास," म्हणायचा. एकदा दवाखान्यात ये, नीट बघू, असंही म्हणायचा. "रोज तिथेच तर बसते," शालनताई म्हणायच्या. आणि तक्ता? तक्ता त्यांनी डाव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवला. चार वर्षं तो तक्ता त्या दुसऱ्यांकडून वाचून घेत होत्या. झोपेतसुद्धा म्हणून दाखवला असता. ज्या बाईनं नोकरीत कधी खोटी सही केली नाही, तिनं ही परीक्षा पाठांतरावर पास केली, आणि समाधानला शंका आली नाही. आत्या खोटं बोलेल हे त्याच्या वाचनात कधी आलंच नव्हतं.

पूर्वाला शंका आली ती दिवाळीच्या सुमारास. काही बदललं म्हणून आली नाही, काहीच बदललं नाही म्हणून आली. आई ऑपरेशनआधी जशी वावरायची तशीच वावरत होती. चहा ओतताना धार कपाच्या कडेला लागायची. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. पूर्वा डावीकडून आली की ती दचकायची.

एका सकाळी आई मेथी निवडत बसली होती. पूर्वा पुढ्यात जाऊन बसली आणि तिनं आईचा उजवा डोळा तळहातानं झाकला. दुसरा हात समोर धरला.

"किती बोटं?"

"तू लहानपणापासून पाचच दाखवतेस."

"आई."

"पाच नाहीत का? मग हात बदललास वाटतं."

"आई, किती?"

शालनताईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "उजेड कळतो. खालच्या अंगाला जरासा. बाकी पडदा सोडल्यासारखं."

"कधीपासून?"

"पट्टी काढली तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सगळे फोटो काढत होते," शालनताई म्हणाल्या. मग चिडल्यासारख्या, "आणि अनंतराव पुढ्यात उभे होते, पेढा हातात धरून. त्यांच्यादेखत सांगू, की पहिलंच ऑपरेशन आणि दिसत नाही? म्हटलं, येईल हळूहळू. वेळ लागतो काहींना."

त्याच दिवशी पूर्वानं आईला दवाखान्यात नेलं. समाधाननं दोन्ही डोळ्यांत औषध घातलं आणि आत्याला बाकावर बसवलं, इतर पेशंटच्या रांगेत, त्या पाटीखाली. मग आत नेलं. आता भिंग स्वच्छ होतं. त्याच्याच हातानं बसवलेलं होतं. उजेड आरपार गेला आणि मागचं सगळं दिसलं. तो बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा कपाळावर दिव्याचा पट्टा तसाच होता.

"ताई, मोठ्या हॉस्पिटलला जाऊ," तो पूर्वाला म्हणाला. "आत्ताच."

"काय आहे?"

"पडद्यामागे काहीतरी वाढलंय."

मोठ्या हॉस्पिटलात डॉ. शेफाली म्हणून एक तरुण बाई होत्या, डोळ्यातल्या गाठी बघणाऱ्या. त्यांनी शालनताईंना आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि मिटल्या पापणीवर थंडगार जेल लावून पेनासारखा एक दांडा टेकवला.

"आजी, डोळे मिटलेलेच ठेवा, आणि मिटल्या मिटल्याच वर बघा. आता डावीकडे. व्हेरी गुड."

"मिटलेल्या डोळ्यानं बघणं मला जमतं," शालनताई म्हणाल्या. "बरेच महिने सराव आहे."

पूर्वा पडद्याकडे बघत होती. डोळा एवढासा असतो. तिथे तो ताटाएवढा झाला होता. काळा, गोल, आत रात्र भरल्यासारखा. मागच्या बाजूला पांढरी कमान, ती डोळ्याची मागची भिंत. आणि त्या कमानीतून आत आलेला एक करडा उंचवटा. मुळाशी रुंद, मग आवळलेली मान, आणि वर गोल डोकं. सदऱ्याच्या गुंडीसारखं. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर भूछत्र उगवतं तसं. शेजारी पडदा भिंतीपासून सुटून पातळ रेघेसारखा हलत होता, आई नजर फिरवेल तसा. पूर्वानं आयुष्यभर पुस्तकांतून माणसांच्या आत डोकावलं होतं. आईच्या आत तिनं प्रथमच पाहिलं, आणि तिथे हे बसलेलं होतं, अगदी निवांत.

डॉ. शेफालींनी माउस ओढून गाठीची उंची मोजली, बुंधा मोजला. मग त्यांनी समाधानला पडद्यावर बोट टेकवून दाखवलं. "शेप टिपिकल आहे, सर. आतून आवाज कमी परत येतोय. एमआरआय करू, पण मला वाटतं मेलानोमाच." म्हणजे कॅन्सर. समाधान मान हलवत राहिला. पहिल्या वर्षाच्या मुलासारखा.

"काय दिसलं?" शालनताईंनी विचारलं. त्यांच्या पापणीवरचं जेल कानाकडे ओघळत होतं.

"एक गाठ आहे, आजी."

"म्हणजे तुम्हाला आतलं दिसलं आणि मला बाहेरचं दिसत नाही. निम्मं निम्मं काम झालं."

त्यांना बाहेर बसवून पूर्वा परत आत आली. समाधान खिडकीशी होता.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ही सोनोग्राफी केली असती तर?"

डॉ. शेफालींनी समाधानकडे पाहिलं नाही, हे पूर्वाच्या लक्षात आलं. सभ्य बाई होत्या.

"दिसली असती," त्या म्हणाल्या. "एका डोळ्याचा मोतीबिंदू दुसऱ्याच्या मानानं इतका पुढे गेला असेल तर मागे काहीतरी असू शकतं. कधीकधी गाठीमुळेच तो लवकर होतो. त्यासाठीच तर बघतो आपण."

"आणि मग?"

"तेव्हा लहान असती. कदाचित डोळा काढावा लागला असता, कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं."

"ती वाचली असती?"

"ते नाही सांगता येत," डॉ. शेफाली म्हणाल्या. "या गाठी कधीकधी फार आधीच बी टाकून मोकळ्या होतात. खरंच नाही सांगता येत."

हे 'सांगता येत नाही' पूर्वाला नंतर फार छळणार होतं. दोष आहे, पण त्याचं माप नाही. गाठ मोजता येते.

एमआरआयनं तेच सांगितलं. मग पोटाची सोनोग्राफी झाली. तेच थंड जेल, तसाच काळा पडदा, आणि यकृतात विखुरलेले ठिपके. त्यानंतर डोळ्याचं फारसं कोणी बोललं नाही.

पावसाळा सुरू व्हायच्या आत शालनताई गेल्या. त्या आजारपणात समाधान रोज दोनदा यायचा. त्यांचे पाय चेपायचा, औषधांच्या वेळा सांभाळायचा, शेवटी शेवटी त्यांना भरवायचाही. सख्खा मुलगा काय करील एवढं त्यानं केलं. एकच गोष्ट केली नाही. "चुकलं माझं," हे दोन शब्द तो पूर्वाला म्हणाला नाही. ती वाट बघत होती. आईला कूस बदलून देताना, स्वयंपाकघरात पेज गाळताना, जिन्यात त्याला निरोप देताना. बाकी काही नको होतं तिला. त्या दोन शब्दांसाठी ती दार उघडं ठेवून उभी होती, असं म्हटलं तरी चालेल, आणि तो रोज त्या दारातून चपला घालून निघून जात होता.

आईनं मात्र एकदा विषय काढला. "पूर्वा, त्याला काही बोलायचं नाही. नाही म्हटलं ते मी. हा विषय निकाली काढायचा."

"तू नाही म्हटलंस म्हणून त्यानं ऐकायचं होतं का?"

"माझं ऐकायची सवय मीच लावली त्याला," शालनताई म्हणाल्या, आणि उशीवर तोंड फिरवलं. पूर्वानं हो म्हटलं नाही. आईच्या हयातीत तिनं उत्तर न देता सोडलेला तो एकच विषय.

शालनताईंच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोसायटीच्या सभागृहात ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी समाधान घरी आला. पूर्वा पांढरी साडी इस्त्री करत होती. तो शालनताईंच्या खुर्चीत बसला नाही, शेजारच्या स्टुलावर बसला.

"ताई, उद्या मी बोलणार आहे."

"बोल की. तुझ्याशिवाय कोण बोलणार?"

"तसं नाही. मी सगळं सांगणार आहे. सोनोग्राफी केली नाही ते. पाटी लावून ठेवली आणि आत्यालाच सोडलं. चूक माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगणार."

पूर्वानं इस्त्री उभी केली. जे ऐकायला ती इतके महिने थांबली होती ते आता, असं, कार्यक्रमपत्रिकेवर आलं होतं.

"सगळ्यांसमोर," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला?"

त्याला कळलं नाही. "तुला काय?"

"मला कधी सांगितलंस?"

"तुला माहीतच आहे की, ताई. तुझ्यासमोरच झालं सगळं. तुला काय वेगळं सांगायचं? तू घरचीच."

पूर्वा हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दुसरं काही तोंडावर येईना. "बरोबर आहे. मी घरची. मला पाटी लागू नाही."

समाधानचा चेहरा पडला. त्याला ते आता दिसलं. उशिराच दिसलं, पण स्वच्छ.

"ताई, मी..."

"थांब. उद्या काहीही बोलायचं नाही."

"का? मला बोलू दे. मला झोप येत नाही गं. रोज तिथे जाऊन त्या पाटीखाली पेशंट तपासायचे..."

"पहिल्या रांगेत अनंतराव असतील."

"असू देत. काय म्हणायचं ते म्हणतील. मी सोसेन."

"तू सोसशील. तू डॉक्टर आहेस, तुझं नाव झालंय, महिन्याभरात लोक परत येतील. पण ते एकट्या तुला म्हणणार आहेत का? त्यांच्या भाच्यानं असं केलं तर तो भाचा चुकतो. तू चुकलास तर कोण चुकतं, ते तुला माहीत आहे. उद्या आपली कोणी पोरगी असा बोर्ड लावेल, तेव्हा तिनंही ते सोसायचं?" पुढचं वाक्य ती आवाज न चढवता म्हणाली. "आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, समाधान, तू उद्या सगळ्यांपुढे रडशील, लोक तुझ्या पाठीवरून हात फिरवतील, मनाचा केवढा मोठेपणा म्हणतील, आणि तू मोकळा होशील. मला ते बघवणार नाही."

इस्त्रीचा लाल दिवा लागला आणि विझला.

"चुकलं माझं, ताई," तो शेवटी म्हणाला. खाली बघून, अगदी हळू.

ती याच शब्दांसाठी थांबली होती. ते आले तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या तरी पत्त्यावरचं पत्र आपल्या हातात पडलंय.

"आता नको," ती म्हणाली. "मी मागितल्यावर नको." आणि तिनं साडीची घडी उलटवली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. आईचा फोटो, त्यापुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली, भंतेंनी प्रवचन दिलं. पाटबंधारे खात्यातले जुने सहकारी बोलले, दवाखान्याच्या पेशंटपैकी एक जण पाटीबद्दल बोलला आणि लोक हसले, आणि ते हसणं शालनताईंना आवडलं असतं. समाधानचं नाव पुकारलं गेलं. तो माइकपाशी गेला, त्यानं आत्याचे उपकार मानले, रतनची आठवण काढली, आणि जयभीम म्हणून खाली बसला. एवढंच. पूर्वा त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

जेवणाच्या वेळी अनंतराव ताट घेऊन तिच्यापाशी आले. वय झालं होतं त्यांचं, पण सल्ल्याची हौस शाबूत होती.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "कणखर बाई. सोसायटीत असं माणूस नाही आता." हे ते मनापासून म्हणाले, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू का पूर्वा, राग मानू नकोस. मी तेव्हाच म्हटलं होतं, डोळ्याचं काम आहे, जरा नीट माणूस बघा. माझा भाचा होता. शेवटी कसं आहे, सगळेच डॉक्टर होतात आजकाल, पण मेरिट म्हणून काही..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते कधीच पूर्ण करत नाहीत. ती जागा ऐकणाऱ्यानं भरायची असते.

पूर्वाच्या हातात पाण्याचा पेला होता. या माणसाला सगळं सांगता येत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा ठरला असता. सोनोग्राफी झाली नाही हे खरं होतं. झाली असती तर गाठ दिसली असती हेही खरं. आणि ही दोन्ही सत्यं या माणसाच्या हातात पडली असती तर त्यांचं काय झालं असतं, तेही तिला दिसत होतं. मागच्या भिंतीवर आईचा फोटो होता, उद्घाटनातलाच, डोळे उघडे, हसरा.

"ऑपरेशन उत्तम झालं होतं, अनंतराव," पूर्वा म्हणाली. आपल्या तोंडून आईचा आवाज निघतोय हे तिला ऐकू आलं, तोच ठाम, फाईल मिटणारा आवाज. "तुम्ही होतात की पट्टी काढताना. आईनं तुमच्यासमोरच सांगितलं, छान दिसतंय म्हणून. हा आजार निराळा."

"हो का," अनंतराव म्हणाले. "असं होय." त्यांचा थोडा हिरमोड झाल्यासारखा वाटला. त्यांनी ताटातली पोळी मोडली. "नाही, मग ठीक आहे."

ते पुढे सरकले तेव्हा त्यांच्या मागे समाधान उभा होता, खिरीचं पातेलं घेऊन वाढायला निघालेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आभार होते, उघडे, ओले, लपवता न येणारे.

पूर्वानं तिकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला आणि हात पुसले.

"वाढ पटापट," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत खीर गेली नाही अजून."